कॉलिंगवूड स्ट्रीटवरचा पुस्तकविक्रेता

न्यूकॅसलच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून सेंट निकोलस कॅथेड्रलकडे जाताना कॉलिंगवूड स्ट्रीट लागतो. आज या रस्त्यावर बारची रांग आहे. मला तिथे नेले ते टॉमस अ‍ॅलन या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकविक्रेत्याने. टॉमस आणि जॉर्ज अ‍ॅलन यांचे एक दुकान ब्लॅकेट स्ट्रीटवर 18 क्रमांकाला आणि दुसरे इथे 34 क्रमांकाला होते. टाइन नदीकाठच्या बोलीतली गाणी वर्षानुवर्षे जमवून, छापून आणि दर आवृत्तीत भर घालून झाल्यावर त्यांनी 1891 मध्ये जो जाडजूड सचित्र संग्रह काढला, त्यात गाण्यांच्या जोडीने ती रचणाऱ्यांची चरित्रे, चित्रे आणि सह्याही आहेत.

शहराच्या ग्रंथालयात तो संग्रह चाळताना मी जॉर्ज रिडलीच्या पानांवर बराच वेळ थांबलो. गेट्सहेडचा हा मुलगा आठव्या वर्षी ओकवेलगेटच्या कोळसाखाणीत कामाला लागला. कोळशाची गाडी आली की वारा अडवणारे दार उघडायचे आणि ती गेली की लगेच लावायचे, एवढ्यासाठी अशी मुले तासन्‌तास अंधारात बसून असत. पुढे वाघिणींवर काम करताना अपघात होऊन कष्टाचे काम सुटले, तेव्हा तो गाण्याकडे वळला आणि 1864 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असतानाच वारला. खाणीतल्या पोराचे आयुष्य इतक्या आस्थेने टिपून ठेवणाऱ्या दुकानदाराविषयी मला मनापासून आदर वाटतो.

रिडलीचे ‘ब्लेडन रेसेस’ हे गाणे या भागात आजही घरोघरी ठाऊक आहे. क्लॉथ मार्केटमधल्या बाल्मब्राच्या संगीतगृहात त्याने ते 5 जून 1862 रोजी गायले. घोड्यांच्या शर्यती 9 जूनला होत्या, त्यामुळे त्या दिवशीच्या पावसाचे कडवे मागाहून जोडले गेले असणार. गाण्यातली खच्चून भरलेली बस बाल्मब्राच्या दारातून निघते ती याच कॉलिंगवूड स्ट्रीटने. मीही त्याच वाटेने स्कॉट्सवूड रोडला लागलो. आर्मस्ट्राँगच्या कारखान्यावरून बस सुसाट जाते, रेल्वेपुलापाशी तिचे चाक निखळते, तरी मंडळी साखळीपूल ओलांडून ब्लेडनला पोहोचतात. तो साखळीपूल 1967 मध्ये पाडला गेला.

ब्लेडनला पोहोचल्यावर गाण्यातला दवंडीवाला लोकांना जॉर्डी रिडलीच्या जलशाला यायचा आग्रह करतो. आपला शाहीर अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफतो, तसेच हे. योगायोग असा, की अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जमवलेले मराठी पोवाडेही 1891 मध्येच ग्रंथरूपाने आले. त्यांतल्या कित्येक शाहिरांविषयी कडव्यातल्या नावापलीकडे आपल्या हाती फारसे काही लागत नाही, आणि त्यामुळे रिडलीला अ‍ॅलन भेटला याचा मला हेवा वाटतो.