९३ अंश, पण कुठले?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या कार्यशाळेत जी यंत्रे दुरुस्तीला येतात ती सहसा दोघांनी मिळून उचलावी लागतात: औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळांतली ओव्हन, मफल फर्नेस, प्लास्टिक मोल्डिंगच्या मशिनांची कंट्रोल पॅनले. कलाभवनाच्या आवारात शिकून बाहेर पडल्यापासून, म्हणजे गेली २१ वर्षे, तापमान मोजणे आणि ते हवे तिथे धरून ठेवणे हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे गेल्या श्रावणात दांडिया बाजारातले आमच्या ओळखीचे एक निवृत्त दंतवैद्य काका जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी रिक्षातून घेऊन आले आणि चादरीतून एस्प्रेसो कॉफीचे इटालियन यंत्र निघाले, तेव्हा माझ्या मदतनिसाने आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले.

काकांची तक्रार मात्र नेमकी होती. "अगं, पहिला कप बरा लागतो, दुसरा कडूजार, तिसरा आंबट. बिया त्याच चिकमगळूरच्या, दळण तेच, वजन तेच, हातही माझाच. मग बदलतं काय?" चाळीस वर्षे लोकांच्या दाढा तपासलेल्या माणसाने लक्षणे सांगावीत तशी त्यांनी ती सांगितली होती, आणि निदानही बहुधा त्यांच्या मनात तयार होते, कारण पुढचे वाक्य होते, "याला तुमचं ते पीआयडी बसव." पीआयडी म्हणजे तापमान नेमके धरून ठेवणारा कंट्रोलर.

मी यंत्र उघडले. आत पाव लिटरहून थोडे अधिक पाणी मावेल असा पितळी बॉयलर, १,१०० वॉटचा हीटर, पाणी ढकलणारा छोटा पंप आणि बॉयलरच्या पाठीला चिकटलेले दोन थर्मोस्टॅट, एक कॉफीसाठी आणि एक दूध फेसाळणाऱ्या वाफेसाठी, एवढाच संसार होता. थर्मोस्टॅट साधे द्विधातूचे होते: दोन धातूंची चकती तापली की पलटते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. मी बॉयलरवर माझे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर, लावून अर्धा तास नोंद घेतली. चकती १०० अंशांच्या आसपास वीज तोडत होती, पण हीटरच्या पोटात साठलेली उष्णता पितळेत उतरत राहून आकडा ११२ पर्यंत चढत होता. नंतर तो उतरत ९१ वर आला की वीज पुन्हा सुरू होई आणि हीटर तापून पितळेला जाग येईपर्यंत ८८ दिसत. २४ अंशांचा हा झोका होता. एस्प्रेसोसाठी कॉफीवर पडणारे पाणी साधारण ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान हवे. त्याहून थंड असेल तर कॉफीतला आंबटपणा तेवढा उतरतो आणि गोडवा मागे राहतो, फार गरम असेल तर कडवटपणा वर येतो. काकांच्या तीन कपांची तीन तोंडे कुठून आली ते कागदावरच्या त्या नागमोडी रेषेत दिसत होते.

हीटर दुबळा असेल असे आधी मला वाटले होते, म्हणून हिशेब मांडून पाहिला. एका कपासाठी सुमारे २७ सेकंदांत ६० मिलिलिटर नवे पाणी बॉयलरमध्ये शिरते असे धरले आणि ते २८ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायचे ठरवले, तर त्याला १८ किलोज्यूल उष्णता, म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे ६७० वॉट लागतात. हीटरच्या अंगात तर १,१०० होते. त्याला वेळेवर सांगणारे कोणी नव्हते, एवढेच. चकतीला फक्त हो आणि नाही कळते. पाणी घसरू लागले आहे हे तिला पितळ गार झाल्यावर समजते, आणि तोवर कप भरलेला असतो.

पीआयडी कंट्रोलर हेच काम तीन प्रश्न विचारून करतो. आत्ता किती कमी आहे, किती वेळापासून कमी आहे आणि किती वेगाने बदलत आहे. या विचाराचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी मांडले. अनुभवी सुकाणू धरणारा माणूस केवळ दिशा चुकली म्हणून चाक फिरवत नाही, जहाज कुठल्या वेगाने वळते आहे तेही पाहतो, हे त्यामागचे निरीक्षण होते. आमच्या धंद्यात हा कंट्रोलर इतका रुळलेला आहे की माझ्या कपाटात नेहमीच दोन-चार पडून असतात. त्यांतला एक, बारा व्होल्टच्या इशाऱ्यावर चालणारा एक एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एक के-टाइप वॉशर थर्मोकपल, एवढे सामान मी काढले. कॉफीच्या थर्मोस्टॅटच्या तारा काढून त्या जागी एसएसआर जोडला, त्याला बॉयलरपासून लांब यंत्राच्या बुडाच्या पत्र्यावर हीटसिंक पेस्ट लावून बसवले, आणि थर्मोकपलचे वॉशर मोकळ्या झालेल्या थर्मोस्टॅटच्या स्क्रूखाली कसले.

वाफेचा थर्मोस्टॅट मात्र मी हलवला नाही. मूळ वायरिंगमध्ये हीटरचा प्रवाह दोन्ही वेळी त्याच्यातून जात होता, तो तसाच राहू दिला. यामागे एसएसआरची खोड आहे. साधा रिले बिघडला तर गप्पही बसू शकतो, पण एसएसआर मरतो तो बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे हीटर कायमचा चालू ठेवून. १४० अंशांना वीज तोडणारी ती जुनी चकती आणि तिच्यामागचा थर्मल फ्यूज यांना काढून टाकून "आता इलेक्ट्रॉनिक झाले" म्हणणारे लोक मी कारखान्यांत पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

ऑटोट्यून लावला, म्हणजे कंट्रोलरला यंत्राचा स्वभाव स्वतःच शिकू दिला. वीस मिनिटे आकडा वरखाली झाला आणि मग ९३.० वर येऊन असा उभा राहिला की दशांशसुद्धा हलेना. मदतनिसाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

रविवारी सकाळी यंत्र काकांच्या घरी नेले. जुन्या वाड्यातले ते स्वयंपाकघर. एका बाजूला काकूंचा चहाचा टोप, दुसऱ्या बाजूला ओट्यावर या पाहुण्यासाठी केलेली जागा. पहिली गोष्ट डोळ्यांत आली ती म्हणजे यंत्राची परदेशी पिन एका स्वस्त अ‍ॅडॉप्टरमधून जोडली जात होती आणि त्या अ‍ॅडॉप्टरला अर्थिंगच नव्हते. पाणी, पितळ आणि २३० व्होल्ट एका पत्र्याच्या पेटीत असताना हे मला चालण्यासारखे नव्हते; मी तिथेच पिन कापून १६ अँपिअरची तीन पिनांची बसवली आणि सॉकेटचे अर्थिंग तपासले. मग काकांनी १८ ग्रॅम कॉफी तोलली, दाबली, कॉफी भरलेली दांडी ग्रुपमध्ये, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडते त्या पितळी तोंडात, अडकवली आणि बटण दाबले. आकडा ९३ वरून ९१ वर गेला आणि सावरला. काकांनी एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि कप माझ्याकडे सरकवला. कॉफी आंबट होती. दुसरा कप काढला, तोही आंबट. तिसराही.

"प्रगती आहे," काका म्हणाले. "आता तिन्ही सारखे वाईट."

काकू त्यांच्या परीने मदतीला आल्या. "एवढ्या वेळात माझा चहा दोनदा उकळून झाला असता. आणि आमच्या लहानपणी कॉफीत जायफळ घालायचे, ती कधी आंबट झाली नाही."

मी पुढच्या रविवारी परत आले ते केसाइतके बारीक तार असलेले दुसरे थर्मोकपल आणि माझे तपासलेले मीटर घेऊन. आधी यंत्रातले थर्मोकपल काढून बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात धरले. बडोदे समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, इथे पाणी जवळजवळ १०० अंशांनाच उकळते. दोन्हीकडे आकडा अर्ध्या अंशाच्या आत बरोबर होता. म्हणजे मोजणारे खोटे बोलत नव्हते. वॉशर परत बसवून मी बारीक तार दाबलेल्या कॉफीवर ठेवली आणि ती ग्रुपच्या रबरी गॅस्केटखालून बाहेर काढली, थोडे पाणी गळेल हे मान्य करून. बटण दाबले. कंट्रोलरच्या पडद्यावर ९३ होते आणि कॉफीच्या माथ्यावर पडणारे पाणी ८३.

दहा अंश कुठे गेले हे शोधायला फार डोके लागले नाही, आणि म्हणूनच मला लाज वाटली. माझे वॉशर बॉयलरच्या पाठीवर, हीटरच्या शेजारी होते. तिथून पाणी निघते, ग्रुपच्या जाड पितळी तुकड्यातून वाट काढते आणि मग कॉफीवर येते. तो तुकडा यंत्राच्या बाहेर उघड्यावर असतो आणि सतत उष्णता सोडत असतो. शिवाय आकडा आठ मिनिटांत ९३ दाखवू लागला तरी तो जड तुकडा पुरता तापायला अर्धा तास लागतो, आणि आम्ही आकड्यावर विश्वास ठेवून दहाव्या मिनिटाला कप काढत होतो. पडद्यावर दिसते ते स्क्रूखालच्या पितळेचे तापमान, त्यापलीकडे कंट्रोलरला काही ठाऊक नसते. ओव्हनची तपासणी करताना आतल्या नऊ जागी नऊ थर्मोकपल लावल्याशिवाय मी सही करत नाही. कॉफीच्या यंत्राला मात्र मी एका जागेवरून प्रमाणपत्र देऊन मोकळी झाले होते.

सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलरने धरायचा आकडा, वाढवायचा होता, पण त्याआधी तार आणखी एका जागी लावून पाहावी म्हणून मी वरचे झाकण काढले आणि बॉयलरच्या मागून तार ओढली. माझे डोळे हातातल्या मीटरवर होते. मिनिटभराने काका म्हणाले, "अगं, हा आकडा उतरतोय कसा?"

पडद्यावर ७८ होते. पाहता पाहता ७१ झाले, मग ६४. हीटरचा दिवा सलग पेटलेला. थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या की तापत असताना आकडा उतरतो, हे आमच्याकडे नवशिक्याकडूनही होते, त्यामुळे माझे मन आधी तिकडेच धावले. पण हाच जोड घटकाभरापूर्वी नीट चालत होता. तेवढ्यात ग्रुपमधून फुरफुरत वाफ येऊ लागली आणि काका एक पाऊल मागे सरले. "हा आवाज मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझा ऑटोक्लेव्ह प्रेशर धरायचा तेव्हा असाच यायचा." दवाखान्यातली हत्यारे त्या दाबाच्या भांड्यात १२१ अंशांच्या वाफेवर निर्जंतुक करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मी प्लगकडे हात नेला आणि त्याच क्षणी आतून टक्क असा स्वच्छ आवाज आला. हीटरचा दिवा विझला. पडद्यावर ५९ होते.

प्लग काढून, बॉयलर निवायला तास दिला आणि मग आत पाहिले. मी ओढलेल्या तारेने कंट्रोलरच्या थर्मोकपलला झटका दिला होता. स्क्रूचे आटे जुने म्हणून मी वॉशर परत बसवताना हलक्या हाताने कसले होते. ते सुटून बॉयलर आणि पत्रा यांच्या मधल्या हवेत लोंबत होते. कंट्रोलरला हवेचे तापमान दिसत होते, त्याला वाटले बॉयलर गार पडला, आणि तो इमानाने पूर्ण १,१०० वॉट ओतत राहिला. एवढे पाणी आणि एवढे पितळ धरले तर ९३ वरून १४० वर जायला त्याला दीड मिनिट पुरते. थर्मोकपलची तार तुटली असती तर कंट्रोलरने चूक दाखवून हीटर बंद केला असता, ती सोय त्यात असते. पण अखंड, निरोगी थर्मोकपल केवळ जागेवरून निसटले आहे हे ओळखायची सोय माझ्या त्या साध्या कंट्रोलरमध्ये नव्हती. टक्क आवाज करणारी ती चकती दहा दिवसांपूर्वी मला फार जुनाट वाटली होती.

काका एका शब्दाने बोलले नाहीत. काकूंनी गॅसवर चहा ठेवला आणि मला बसायला सांगितले.

पुढचे काम कंटाळवाणे, पण जरुरीचे होते. स्क्रूचे आटे नव्याने पाडले, वॉशरखाली थोडी पेस्ट आणि वर स्प्रिंग वॉशर घातले, तारेला ग्लास स्लीव्ह चढवून ती बॉयलरपासून चार बोटांवर पत्र्याला क्लॅम्प केली, म्हणजे कोणी ओढली तरी झटका क्लॅम्पवर येईल. जुना कंट्रोलर काढून मी दुसरा बसवला. त्यात लूप ब्रेक अलार्म असतो, म्हणजे हीटर पूर्ण चालू असूनही ठरलेल्या वेळात आकडा चढला नाही तर तो वीज तोडून शिट्टी वाजवतो. वॉशर मुद्दाम सैल करून ही शिट्टी मी तीनदा वाजवून पाहिली. मग सेट पॉइंट थोडा थोडा वाढवत, दर वेळी अर्धा तास थांबून, कॉफीवरचे पाणी मोजत गेले. पडद्यावर १०३ आले तेव्हा कॉफीवर ९२ ते ९३ मिळू लागले आणि सलग तीन कपांत फरक अंशाच्या आत राहिला. तिसरा कप काकांनी पूर्ण प्यायला.

शेवटी एका गोष्टीवरून आमचा थोडा वाद झाला. काकांना पडद्यावर ९३ हवे होते. कंट्रोलरमध्ये दाखवलेल्या आकड्यातून ठरावीक अंश वजा करायची सोय असते, ती लावली की आतून १०३ असतानाही बाहेर ९३ दिसतात, आणि विकत मिळणाऱ्या काही तयार जोडण्यांत तसे केलेलेही असते. "कोणी आलं गेलं तर समजावत कोण बसणार, कॉफीचं पाणी उकळण्याच्या वर कसं म्हणून?" हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण तो दहा अंशांचा फरक यंत्र पुरते तापलेले असतानाच खरा असतो. पहिल्या दहा मिनिटांत तो वीसही असू शकतो, आणि तेव्हा तो ९३ पुन्हा खोटा ठरला असता. जिथे वॉशर आहे तिथलाच आकडा दिसू दे, असे मी अडून धरले.

आता त्या यंत्राच्या कपाळावर काकूंच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "१०३ बरोबर आहे. अर्धा तास थांबावे. तोवर चहा घ्यावा."