ऊन पाणी आणि गार पडलेले बाळ

आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबरमध्ये पारा उतरला की घड वाचवण्यासाठी द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. अशाच एका सकाळी आशा स्वयंसेविका म्हणून सातव्या दिवसाच्या गृहभेटीसाठी मी एका वस्तीवर पोहोचले, तेव्हा आजी बाळाला न्हाणीतून घेऊन बाहेर येत होत्या. जन्मवेळी बाळाचे वजन 2 किलो 100 ग्रॅम होते. एवढ्या लहान बाळाला तूर्त न्हाऊ न घालता कोमट पाण्याच्या मऊ फडक्याने नुसते पुसावे, हे मी तिसऱ्या दिवशी सुनेला सांगितले होते. आजींना सांगायचे राहिले, ही चूक माझीच.

"न्हाऊन कसं निवांत झालंय बघ," आजी कौतुकाने म्हणाल्या. मला मात्र ते निवांतपण खटकले. हाताच्या मागच्या बाजूने पाहिले, तर तळपायांबरोबर पोटही गार लागत होते. काखेतल्या थर्मामीटरने 95.8 अंश फॅरनहाइट दाखवले, निदान 97.7 तरी हवे होते.

ओला पंचा काढून बाळाला कोरडे केले, टोपी आणि मोजे चढवून आईच्या उघड्या छातीशी धरायला लावले व वरून गोधडी पांघरली. बंद खोलीत शेगडी आणू दिली नाही. आरोग्य सेविकेला फोन केला. तासाभरात ऊब आली नाही, तर 102 ची गाडी बोलवायचे ठरले. सुदैवाने बाळ अंगावर पिऊ लागले आणि तासाभराने पारा 97.9 वर आला.

"पाणी तर चांगलं ऊन होतं की गं," आजींना पटेना. पाण्याचा दोष नव्हताच. त्यांनी ते कोपर बुडवून पाहिले होते, आणि लांब केलेल्या पायांवर बाळ पेलण्याची त्यांची हातोटी मला अजून साधलेली नाही. पण डाळीचे पीठ चोळण्यात वेळ गेला होता, न्हाणीला दाराऐवजी गोणपाट होते, आणि अंगावरचे पाणी वाऱ्याने सुकताना अंगातली ऊब ओढून नेते. कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबी थोडी, त्यामुळे ते लवकर गारठते. उन्हाळ्यात माठाला ओले फडके कशासाठी गुंडाळतो, असे मी विचारले.

"म्हणजे मी लेकराचा माठ केला होय?" आजी क्षणभर गप्प झाल्या.

चौदाव्या दिवशी वजन 2 किलो 220 ग्रॅम भरले. मी उंबऱ्यातच वजनकाटा काढू लागले, तेव्हा आजी आतून म्हणाल्या, "पोरी, आधी दार लाव."