कधी सुरू, कधी नुसतंच 'टक्'

आज म्हापशाच्या मेस्त्रीने आमच्या म्हाताऱ्या गाडीचं दुखणं शोधलं. सकाळी एका सेल्फला सुरू, बाजार करून आलं की नुसतं 'टक्'. घरात सगळ्यांचा एकच धोशा, बॅटरी बदल! मीटर लावला तर 12.6 व्होल्ट, सेल्फ मारतानाही फारसा उतरत नाही. मग त्याने मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाला टेकवली. "पात्रांव, मार सेल्फ." तिथे 2 व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या वर जायलाच नको, म्हणजे करंट वाटेतच अडत होता. बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी खोलली, तर खाली हिरवा थर. (खारी हवा, वर गोव्याचा पाऊस, आणखी काय होणार?) पॉलिश पेपरने घासून, आवळून, वरून ग्रीस लावलं. आता गाडी तापल्यावर पुन्हा अडली, तर संशय सोलेनॉइडवर (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच), असं बजावलंय.