‘थोरली पाती’ : न निघालेल्या चित्रपटाविषयी

काही चित्रपट निघायला हवे होते, पण निघाले नाहीत. त्यांतला माझ्या सर्वांत आवडीचा चित्रपट 1965 सालचा, कृष्णधवल, कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत चित्रित झालेला आणि ‘थोरली पाती’ या नावाचा आहे. तो कोणी काढलाच नाही, एवढीच त्याची उणीव. साल मी विचार करून निवडले आहे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, आणि पुढच्याच वर्षी गुरुत्वाकर्षणाच्या हॉयल-नारळीकर सिद्धांतामुळे कोल्हापुरात जन्मलेल्या, पंचविशीतल्या जयंत नारळीकरांचे नाव घरोघरी पोहोचले. वर्तमानपत्रांत सापेक्षता आणि पडद्यावर एकत्र कुटुंबाची रडारड, अशा दोन्ही गोष्टी त्या गावात एकाच वेळी हजर असताना त्यांचे लग्न लावून द्यावे असे कोणालाच कसे सुचले नाही, याचे मला नवल वाटते.

खरे तर निम्मे काम ‘प्रभात’ने 1936 सालीच करून ठेवले होते. ‘संत तुकाराम’च्या अखेरीस गरुडाच्या आकाराचे विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे पृथ्वीवरच राहते. भाविकांच्या दृष्टीने कथा तिथे संपते, परंतु संसाराच्या दृष्टीने ती तिथे सुरू होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. ते विमान पुढे कधीतरी परत आले असते, तर? असे परतणे आपल्या पुराणांना ठाऊक आहे. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तिथले गाणे संपेपर्यंत थांबला, आणि मधल्या काळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली असल्याचे त्याला सांगण्यात आले. त्याने मनाशी योजलेली सगळी स्थळे मातीस मिळाली होती. पुराणकारांना सापेक्षता कळली होती, असा दावा करणाऱ्यांत मी नाही. पण उशिरा परतलेल्या माणसाची घरात कशी पंचाईत होते, हे त्यांना चांगलेच कळले होते.

‘थोरली पाती’चे कथानक याच पंचाइतीवर उभे आहे. पंचगंगेकाठच्या एका वाड्यातला थोरला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी अंतराळयानातून निघतो. मागे अठ्ठेचाळीस वर्षांची आई, वीस वर्षांचा धाकटा भाऊ आणि चोवीस वर्षांची, दिवस गेलेली बायको. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की यानातला काळ संथ चालतो, असे सापेक्षता सांगते; या यानाचा वेग प्रकाशाच्या अठ्ठ्याण्णव टक्के असल्याने पृथ्वीवर तीस वर्षे लोटतात तेव्हा यानात जेमतेम सहा होतात. हे गणित बरोबर आहे. यान वेग घेते आणि वळते कसे, एवढाच भाग मध्यंतरात उरकला आहे. परत येतो तेव्हा तो चौतिशीत असतो. धाकटा पन्नाशीचा, बायको चोपन्नाची, आणि ज्याचे तोंडही पाहिले नव्हते तो मुलगा एकोणतीस वर्षांचा, म्हणजे बापाहून पाचच वर्षांनी लहान.

आता खरा चित्रपट सुरू होतो, आणि त्यात एकही यंत्र नाही. ओटीवर दोघे भाऊ समोरासमोर येतात तेव्हा वाकायचे कोणी? पांढऱ्या मिशांचा धाकटा ‘दादा’ म्हणून पुढे होतो खरा, पण काळ्या केसांच्या दादाला त्याचा नमस्कार घेववत नाही. त्याचा हात आपोआप धाकट्याच्या पायांकडे जातो आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. प्रेक्षक इथे हसतील, दिग्दर्शक हसू देणार नाही. पंगतीत पहिले पान कोणाचे, गौरी-गणपतीची पूजा कोणी करायची, घरात कर्ता कोण, हे सगळे प्रश्न वयावर सोडवून ठेवलेल्या घरात वयच दोन झाले आहे. त्यात धाकट्याने एक उद्योग करून ठेवलेला. सात वर्षे ज्याची खबरबात नाही त्याला कायद्याने मृत धरता येते, म्हणून त्याने तलाठ्याकडून फेरफार करून सातबाऱ्यावरचे दादाचे नाव कमी केले आहे. त्याला मी खलनायक ठरवणार नाही. तीस वर्षे आईचे औषधपाणी आणि पुतण्याचे शिक्षण त्यानेच केले. थोरलेपणाचा भार त्याने वाहिला आणि मान मात्र आकाशात होता.

चित्रपटाचा खर्चही बेताचा आहे. वाडा तीस वर्षांत बदलत नाही, केवळ आईच्या केसांना पावडर लावावी लागते. बाप आणि मुलगा एकाच नटाने करायचे, म्हणजे आपल्याकडच्या लाडक्या डबल रोलला पहिल्यांदाच शास्त्रीय आधार मिळतो. भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळून दुसरा अर्धा भाग झाकून पुन्हा करायचे, आणि तोवर कॅमेऱ्याला कोणी धक्का लावायचा नाही. असल्या करामती फाळक्यांच्या काळापासून चालत आल्या आहेत. सांधा दाराच्या चौकटीत लपवला की झाले.

अवघड आहे ती वहिनी. चोपन्न वर्षांच्या बाईसमोर चौतीस वर्षांचा नवरा उभा राहतो, तेव्हा त्या काळच्या निर्मात्याने तिला हमखास तिसऱ्या रिळात आजारी पाडले असते आणि कुंकवासकट सरणावर ठेवून सर्वांची सुटका केली असती. मला हा शेवट मान्य नाही. माझ्या चित्रपटात वहिनी सासूचे वर्षश्राद्ध उरकते, किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात देते आणि पुढच्या यानात स्वतः बसते. तोच वेग, तेवढाच पल्ला. ती साठाव्या वर्षी उतरेल तेव्हा तो चौसष्टचा झालेला असेल, म्हणजे लग्नात होते तेच चार वर्षांचे अंतर पुन्हा जमून येईल. आणि मधली तीस वर्षे वाड्याच्या ओटीवर बसून वाट पाहण्याची पाळी त्याची असेल. मुलगा तोवर आईच्या बरोबरीचा होतो, हा गुंता मात्र मी पटकथाकारावर सोपवला आहे.