परीक्षण सभेतील एक दुपार

बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, वरून नेमला जात नाही. आमच्याकडे बिशप नसतो आणि बदलीचा हुकूम काढणारे कार्यालयही नसते. स्थानिक मंडळी, म्हणजे एका ठिकाणच्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय, आपल्या सभासदांच्या मतदानाने पाळकाला पाचारण करते. पाळकीय दीक्षा देण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी आसपासच्या मंडळ्यांतील पाळक आणि डीकन (मंडळीच्या सेवेसाठी नेमलेले सभासद) यांना बोलावून उमेदवाराची परीक्षा घेतली जाते. या परीक्षण सभेला निर्णयाचा अधिकार नसतो. ती केवळ शिफारस करते आणि अखेरचा शब्द मंडळीचा असतो. अशा अनेक सभांना मी बसलो आहे, पण अध्यक्ष या नात्याने चालवलेली एक सभा मात्र आजही मला विचार करायला लावते.

उमेदवार व्यवसायाने रुग्णवाहिकाचालक होता. तरुणपणी विश्वास स्वीकारून त्याने बाप्तिस्मा घेतला, काही वर्षे संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवले, पुढे डीकन म्हणून सेवा केली आणि नोकरी सांभाळून पत्रद्वारा ईश्वरविज्ञानाचा अभ्यास चालवला. आमच्यात पाळकत्वाची वाट साधारणपणे अशीच असते. मी स्वतः शाळेत गणित शिकवत असताना एका वृद्ध डीकनांनी मला एका संध्याकाळच्या उपासनेत संदेश द्यायला लावला, आणि तेथून ईश्वरविज्ञान महाविद्यालयापर्यंत मी कसा पोहोचलो याचे श्रेय माझ्या निश्चयापेक्षा त्या मंडळीच्या चिकाटीला अधिक द्यावे लागेल. आतून जाणवलेली हाक इतरांनाही ऐकू आली पाहिजे, असा आमचा जुना आग्रह आहे.

त्या दुपारी नेहमीपेक्षा वेगळे घडले ते असे, की मागच्या बाकांवर मंडळीचे सभासद नसलेले बरेच लोक येऊन बसले होते. त्यांतील कित्येक ख्रिस्तीही नव्हते. कोणाच्या आईला या माणसाने मध्यरात्री रुग्णालयात नेले होते, तर कोणाच्या घरी मृत्यू झाल्यावर अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांच्या त्यांच्या धर्मरीतीप्रमाणे पार पाडून दिली होती. याला पाळक करावे अशा विनंतीचे सह्यांचे पत्रही त्यांनी आणले होते. ते सभेत वाचावे की नाही यावरूनच पहिला मतभेद झाला. पत्र वाचावे, पण त्याची गणना शिफारशीत करू नये, असा निर्णय मी दिला.

सभेतील एका ज्येष्ठ पाळकांचा आक्षेप मोलाचा होता. त्यांचे म्हणणे असे, की लोकांचे प्रेम हा परोपकाराचा पुरावा आहे, पाचारणाचा नव्हे; उद्या हेच लोक रुसले तर हा पाळक राहणार नाही काय? त्यावर एका तरुण सहकाऱ्याने अमेरिकेतील बाप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण दिले. 1955 च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरातील बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचे नेतृत्व त्यांच्याकडे आले ते लोकांनी सभेत निवडून दिल्यामुळे, आणि तेव्हा ते अवघे 26 वर्षांचे होते, असे त्याचे प्रतिपादन होते. उदाहरण खरे होते, पण माझ्या मते ते ज्येष्ठांच्याच बाजूने बोलत होते. किंग यांची दीक्षा 1948 मध्ये अटलांटातील एबेनेझर मंडळीत झाली होती, 1954 मध्ये माँटगोमेरीच्या मंडळीने त्यांना पाळक म्हणून स्वीकारले होते, आणि शहराने त्यांच्याकडे नेतृत्व सोपवले ते यानंतर. समाजनेता होण्याआधी मंडळीने त्यांना पारखले होते. हा क्रम किरकोळ आहे असे मला वाटत नाही.

उमेदवाराची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाविषयीचे कथन, साधी आणि प्रामाणिक होती. मग प्रश्न सुरू झाले. पाळक होऊन तू असे काय करणार आहेस, जे आज चालक म्हणून करत नाहीस, असे मी विचारले. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “रुग्णालयाच्या दारात माझे काम संपते, साहेब. पुढचा फोन आलेला असतो. त्या घरी नंतर जाणारा कोणीतरी हवा, आणि तो मी असावे असे मला वाटते.” सभागृहात कोणी बोलले नाही. आक्षेप घेणाऱ्या पाळकांनीही वहीत काहीतरी लिहून घेतले.

निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पुढाऱ्याने उपासनेत बोलू देण्याची मागणी केली तर काय करशील, या प्रश्नालाही त्याने नकाराचे ठाम उत्तर दिले. हा प्रश्न आम्ही हमखास विचारतो, कारण त्यामागे आमचा चार शतकांचा इतिहास आहे. 1612 मध्ये लंडनजवळ इंग्लंडमधील पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी करणारे टॉमस हेल्विस यांनी राजाला प्रजेच्या आत्म्यावर सत्ता नाही असे खुद्द राजालाच लिहून कळवले आणि त्यांचा अंत तुरुंगात झाला.

अडचण आली ती सिद्धांताच्या प्रश्नांवर. बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्यालाच आणि पाण्यात बुडवून का द्यायचा, हे त्याने नीट सांगितले; पण प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) यांविषयीची त्याची उत्तरे अपुरी होती. शोकाकुल घरात पाळकाला ऐनवेळी देवाविषयी बोलावे लागते, आणि तेव्हा कच्चा विचार केवळ निरुपयोगी नसतो, तो इजा करतो. म्हणून दीक्षा पुढे ढकलावी, या काळात त्याने एका अनुभवी पाळकाजवळ अभ्यास करावा आणि मंडळीत उपदेश चालू ठेवावा, अशी शिफारस बहुमताने झाली. माझे मतही तेच होते.

मागच्या बाकांवरून नाराजी उमटली. मी त्यांना विल्यम केरी यांची हकिगत सांगितली. 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी–इंग्रजी कोश छापणारे केरी मूळचे चर्मकार, आणि बाप्टिस्ट. इंग्लंडमधील ओल्नी येथील मंडळीने 1785 मध्ये त्यांचा उपदेश ऐकला, पण लगेच मान्यता दिली नाही. ते जेथे उपदेश करत होते तेथे चालू ठेवावे आणि मंडळीसमोर पुन्हा बोलावे, असे ठरवले. मान्यता मिळाली ती 1786 मध्ये. केरींचे नाव मागे बसलेल्यांपैकी एका निवृत्त मराठी शिक्षकांना ठाऊक होते, व्याकरणामुळे. ओल्नीची गोष्ट त्यांना नवी होती. त्यांनी शेजाऱ्यांना काहीतरी समजावले आणि कुजबुज थांबली.

मंडळीच्या सभासद-सभेने शिफारस जशीच्या तशी मान्य केली. पुढच्या परीक्षेत त्याची उत्तरे पक्की होती. दीक्षाविधीत त्याच्या मस्तकावर हात ठेवणाऱ्यांत आक्षेप घेणारे ते ज्येष्ठ पाळकही होते.

त्यानंतर वस्तीतील पाणी आणि दवाखाना यांच्या प्रश्नांसाठी एक सर्वधर्मीय नागरिक समिती स्थापन झाली आणि तिचे निमंत्रकपद त्याला देऊ करण्यात आले. होकार देण्याआधी त्याने मंडळीची संमती मागितली. सभासदांनी ती दोन अटींवर दिली: समितीचा पैसा त्याच्या हातून जाणार नाही आणि तो कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर बसणार नाही. दुसऱ्या अटीवर बराच वाद झाला, कारण पक्षांना पूर्ण टाळून पाण्याचा प्रश्न सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. अखेर पक्षांच्या लोकांना भेटण्याची मुभा राहिली, त्यांच्या सभेत बसण्याची नाही. रुग्णवाहिकेची नोकरी त्याने अजून सोडलेली नाही. मंडळी लहान आहे आणि पूर्ण वेतन देणे तिला परवडत नाही.