वेष्टनावर तो शब्द का नाही

प्रदर्शनात, बचत गटाच्या बैठकीत, एवढेच काय, लग्नाच्या पंगतीतही मला एकच प्रश्न येतो : "ताई, साबण फासेपारधी बायका करतात, झाडपाल्याची माहिती तुमच्या आज्यांची, मग वेष्टनावर तसे का लिहीत नाही? लाज वाटते का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी वेष्टनावर 'फासेपारधी' हा शब्द होता, ठळक अक्षरांत. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही दुकान मांडले होते. एका बाईंनी हिंगणाच्या, म्हणजे माळावरच्या एका झाडाच्या फळाच्या, साबणाची वडी उचलली, नाकाशी नेली, अंगठ्याने तिची कड दाबून पाहिली, तीन वड्या बाजूला काढल्या आणि पैशांसाठी पर्स उघडली. तेवढ्यात त्यांची नजर वेष्टनावर गेली. ओठ हलवत त्यांनी तो शब्द वाचला, पर्सची चेन लावली, ती डाव्या काखेत घट्ट धरली आणि सोबतच्या मुलीला मागे ओढले. वड्या मात्र त्यांनी एकावर एक नीट रचून ठेवल्या. त्या उद्धट नव्हत्या, आणि तेच मला अजून टोचते. आमच्या कपाळावरचा 'गुन्हेगार जमात' हा शिक्का कायद्यातून १९५२ साली पुसला गेला. त्या बाईंचा जन्म बहुधा त्यानंतरचा असावा. शेजारी बसलेली आई काहीच बोलली नाही. दुकान आवरेपर्यंत तिने आपले दोन्ही हात येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील असे समोरच्या फळीवर ठेवले होते.

पुढची वेष्टने त्या शब्दावाचून छापली. त्याला लाज म्हणायचे तर म्हणा.

शिवाय खरे सांगायचे तर माझ्या आजीने साबणाची वडी कधी केलीच नाही. थंडीत माळावरची पिकलेली हिंगणे आणून, साल काढून, बाठ्याभोवतीचा चिकट गर ती पाण्यात कुस्करायची आणि त्या फेसात गोधड्या धुवायची. करडईचे तेल, खोबरेल आणि कॉस्टिक सोडा यांचे प्रमाण मी प्रशिक्षणात शिकले. वड्या पाच आठवडे वाळवाव्या लागतात, हेही तिथेच कळले. 'पिढ्यान्‌पिढ्यांची कृती' असे छापणे म्हणूनच खोटे ठरेल, आणि आजीचे नावच न घेणे हेही काही फारसे खरे नव्हे.

पुण्याचे एक दुकानदार तर म्हणाले, "तो शब्द परत घाला, सोबत गळ्यात माळा घातलेल्या बाईचा फोटो छापा, दुप्पट भाव येईल." मी नकार दिला, मग आठवडाभर त्या दुप्पट भावाचा हिशेब मनात करत राहिले.

पहिल्या वर्षीची मी आजच्या मला विचारते, एका बाईपायी माघार घेतलीस? मी तिला पाच घरांचा किराणा दाखवते. ती म्हणते, किराणा तेव्हाही लागतच होता. यावर माझ्यापाशी उत्तर नाही. ती जुनी वेष्टने मी रद्दीत घातलेली नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तेलाचा हिशेब लिहिते.