गरम पत्रा

माझं काम पुसण्याचं. मोटार-प्रदर्शनात मांडलेल्या सुपरकार दार उघडण्याआधी लखलखीत करायच्या आणि मग दिवसभर फडकं हातात घेऊन त्यांच्याभोवती फिरत राहायचं. चौदा वर्षं हेच करतोय. लोकांचा जीव कोणत्या गाडीवर जडलाय हे मला विक्रीवाल्यांच्या आधी कळतं, कारण त्या गाडीवर ठसे असतात. दाराच्या कडेला बोटांचे, मागच्या बाजूला तळहाताचे आणि काचेवर कपाळाचे. डोळ्यांच्या बाजूंना हात धरून आत डोकावलं की कपाळ काचेला टेकतंच.

अलीकडे कपाळाचे ठसे फार कमी दिसतात. लोक येतात, हात लांब करून फोन धरतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. गाडी तशीच स्वच्छ राहते. माझं काम हलकं झालं, पण ते मला मुळीच आवडत नाही.

या वेळी माझ्याकडे दोन गाड्या होत्या. एक विजेवरची रिमॅक नेवेरा: चार चाकांना चार मोटारी, १,९१४ अश्वशक्ती. दुसरी एका संग्राहकाने चार दिवसांसाठी दिलेली लॅम्बोर्गिनी मिउरा. नेवेरासमोर आलेल्या एका मुलाने गाडीकडे नीट पाहायच्या आधीच तिचे सगळे आकडे मित्राला घडाघडा सांगितले. मग तीन फोटो काढले आणि निघून गेला. त्याला बोल लावावासा वाटला नाही. त्याला नवं काही सांगायला आमच्याकडे तरी काय होतं?

मिउराचीच गोष्ट घ्या. १९६५ साली ट्युरिनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा मांडला होता. वर पत्रा नाही, दारं नाहीत. फक्त चासी आणि आसनांच्या मागे आडवं बसवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन. तरी लोकांनी गर्दी केली. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला पूर्ण गाडी आली तेव्हा ती तिथेच पहिल्यांदा दिसत होती. पाहायची तर तिथेच जावं लागायचं. २०२० मध्ये जिनिव्हाचं प्रदर्शन सुरू व्हायला काही दिवस उरले असताना साथीमुळे रद्द झालं. माझी बॅग भरलेली होती. कंपन्यांनी त्या गाड्या पडद्यावरून दाखवल्या आणि काम भागलं. मला तर वाटतं, काम भागतं हे कळलं तिथेच घात झाला. २०२४ मध्ये ते प्रदर्शन लहान स्वरूपात परत भरलं आणि त्याच वर्षी आयोजकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मिउराच्या दोरीपाशी बराच वेळ थांबली. तिच्याकडे फोन नव्हता. ती म्हणाली, "काका, ही चालू केली की कसा आवाज येतो?"

मला सांगता येईना. तीन दिवस मी त्या गाडीच्या मागच्या झडपांची एकेक पट्टी कापसाच्या काडीने साफ केली होती. हेडलाइटभोवतीच्या काळ्या पापण्या पुसल्या होत्या. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हॉलमध्ये गाडी येते तीच बॅटरीची तार काढून, टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवून. आग लागू नये म्हणून हे करावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणजे आम्ही चार दिवस मुकी गाडी मांडून बसतो. "मीही ऐकला नाहीये गं," एवढंच मी म्हणालो. ती वडिलांबरोबर निघून गेली.

शेवटच्या संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. मिउरा आम्ही सहा जणांनी ढकलत मागच्या मोठ्या शटरबाहेर, मोकळ्या आवारात नेली. गाडीबरोबर आलेले मेकॅनिक सत्तरीच्या घरातले होते. त्यांनी बॅटरी जोडली आणि अग्निशामक नळकांडं माझ्या हातात दिलं. "इथे उभा राहा, हलू नकोस," म्हणाले. मिउराचे चार वेबर कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं, इंजिनाच्या डोक्यावरच बसलेले. प्रत्येकाला तीन नळ्या, प्रत्येक सिलिंडरला एक. पेट्रोल ओसंडलं तर ते खालच्या तापलेल्या इंजिनावरच जातं, आणि अशा आगीत मिउरा जळालेल्या आहेत.

त्यांनी चावी अर्धी फिरवली. पेट्रोलचा पंप टकटकू लागला. ते काही करेनात, नुसते ऐकत बसले. कार्ब्युरेटर भरले तशी ती टकटक मंदावली. मग त्यांनी पॅडल दोनदा दाबून चावी पूर्ण फिरवली.

आधी खोकला आला, मग चारपाच सिलिंडर पेटले, मग सगळे. खर्जातली घरघर, तिच्यावर साखळ्यांची किणकिण आणि सगळ्यांत वर हवा ओढणाऱ्या त्या बारा तोंडांचा हुंकार. पायाखालची फरशी थरथरत होती. कच्च्या पेट्रोलचा वास नाकात गेला. माझ्या अंगावर काटा आला.

कुंपणापलीकडे बसची वाट पाहणारे लोक वळले. रखवालदाराने फाटक उघडलं की ते आपोआप लोटलं गेलं, कोण जाणे. पन्नासेक माणसं आत आली. दोरी नव्हती, चौथरा नव्हता. काहींनी फोन वर धरले, पण बरेच जण खाली वाकले, झडपांजवळ कान नेले. एका बाईंनी मागच्या पंखावर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मेकॅनिकनी कोणालाही हटकलं नाही. मी गर्दीत त्या मुलीला शोधत होतो. ती तिथे असणं शक्यच नव्हतं, तरी शोधत होतो.

इंग्लंडमधल्या गुडवुडच्या मोटार-उत्सवात १९९३ पासून गाड्या टेकडीवरच्या रस्त्यावर धावतात आणि लोक मेकॅनिकांच्या अगदी शेजारी उभे राहून पाहतात. तिकडची गर्दी मला तोवर नुसती ऐकून माहीत होती.

दहा-बारा मिनिटांनी मेकॅनिकनी गाडी ट्रेलरवर चढवली आणि इंजिन बंद केलं. तापलेला धातू टिकटिक करत आकसू लागला. सुपरवायझर म्हणाले, "पुसून घे, मग कव्हर घालू."

मागच्या पंखावर ठसेच ठसे होते. दाराच्या काचेवर कपाळाचे तीन. फडकं खिशातच होतं. मी पत्र्यावर हाताची पाठ टेकवून पाहिली.

"गरम आहे," मी म्हणालो. गरम पत्र्यावर फडकं फिरवत नाहीत, डाग धरतो. सुपरवायझर दुसऱ्या गाडीकडे गेले आणि मी ट्रेलरच्या कडेला बसून राहिलो.